पिनेच्या पोटातली चीर

रोपवेचा डबा दरीच्या ऐन मधोमध थांबला. आत तिघं होते: तपासनीस, इंजिनिअर मुलगी आणि तिचे काका, म्हणजे रोपवेचे फोरमन. डबा झुलला तसा काकांनी दांडा घट्ट धरला.

"कोणी हलू नका!"

"वीज गेली असेल," तपासनीस म्हणाले. त्यांनी मांडीवर फडकं उलगडलं. आत तुटलेली पोलादी पिन होती. गेल्या आठवड्यात हिला लटकणारा डबा फलाटावर कोसळला आणि तिकीटवाल्या बाईंचे दोन्ही पाय गेले. "आता पळायला कोणालाच जागा नाही. तेव्हा बोलूया."

मुलीचा चेहरा उतरला. पिनेत चीर आहे हे दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. ती किती वेगाने वाढेल, हे तिनेच संगणकावर काढलं होतं. उत्तर आलं होतं, दोन वर्षं धोका नाही. आता तिच्यावर गुन्हा दाखल व्हायचा होता आणि तिला घास गिळवत नव्हता.

"माझं मॉडेल चुकलं," ती म्हणाली.

"कुठे?"

"तेच सापडत नाही. डब्याचं वजन, वारा, फेऱ्या, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं."

"सुरुवातीला चीर केवढी धरलीत?"

"तीन मिलिमीटर खोल."

"स्वतः पाहिलीत?"

"काकांनी यंत्र लावून मोजली. बाबा गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं. त्यांच्या मोजमापावर मी पट्टी लावणार?"

काका खाली बघत नव्हते. वर, छताकडे बघत होते.

"फोरमनसाहेब, पिनांना हा पिवळा रंग कधी दिला?"

"मोजायच्या आधीच्या महिन्यात."

"त्यानंतर?"

"पुन्हा रंगाचा हात दिला नाही."

"कामावर डब्यानेच येता?"

"पायऱ्यांनी."

"गुडघ्याला पट्टा बांधून?"

"डॉक्टर म्हणतात, चालावं माणसानं."

"आज पायऱ्यांच्या दाराला मीच कुलूप घालायला लावलं. माफ करा हं."

वारा आला. डबा कुरकुरला. काकांच्या कपाळावर थंडीतही घाम फुटला.

"ताई, लॅपटॉप उघडा," तपासनीस म्हणाले. "उलटं गणित करा. किती खोल चिरेपासून निघालो, तर पिन दोन महिन्यांत तुटते?"

तिने गणित उलटं मांडलं. आकडा आला तशी ती थिजली.

"नऊ."

तपासनिसांनी पिनेचं तुटलेलं तोंड उजेडात धरलं. पोलादावर अर्धगोल रेघा होत्या आणि बाहेरच्या कडेकडून आत पिवळा रंग झिरपलेला होता. त्यांनी पट्टी लावली. आठ मिलिमीटर.

"रंग चिरेत शिरला, तेव्हाच ती आठ होती. महिन्याने नऊ झाली. मोजली तेव्हा तीन कशी असेल? लोखंडाची जखम मागे फिरत नाही. ताई, तुमचं मॉडेल बरोबर होतं. तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटत होतात."

"काका?"

"पिना दर वर्षी घासून, तपासून मग रंगवायच्या," तपासनीस पुढे म्हणाले. "यांनी वर्षानुवर्षं न घासता रंगावर रंग चढवला. नऊ सांगितले असते, तर इतकी वर्षं काय करत होतात, असा प्रश्न आला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची! हंगाम संपला की गुपचूप पिना बदलू, असं मनाशी ठरवलं आणि तीन सांगितले. पुढे तेच खोटं संगणकाने अगदी खरं करून दाखवलं. पण चिरा इतर पिनांतही आहेत, हे यांना ठाऊक होतं. म्हणून पायऱ्या."

"या पिनेतही आहे!" काका ओरडले. "सगळं कबूल आहे, आधी खाली उतरवा!"

"ही काल बदलली," तपासनीस म्हणाले आणि वॉकीटॉकीवर बोलले, "थांबवलेला डबा आता सोडा."

काका मटकन बसले. पुतणीला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही.

"अपघातापर्यंत मी रोज सकाळी यातूनच वर जायचे," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच दार लावायचात."

"तू एकटी असायचीस गं," काका रडवेल्या आवाजात म्हणाले. "वजनाला हलकी. तेवढं पेलेल, असा हिशेब केला होता मी."

डबा हलला. वरचं स्टेशन अजून बरंच दूर होतं, आणि काकांच्या समोर सोडून तिला बसायला दुसरी जागा नव्हती.