हिरवा दिवा

"दाणा नाही हो बाई. एकाही ओंबीत दाणा नाही."

थोरल्याने टाचणीबाईंच्या टेबलावर गव्हाच्या ओंब्या ठेवल्या. दिसायला देखण्या, पण चोळल्या तर हातात नुसता कोंडा.

त्याच्या वडिलांनी उभा जन्म घालून हा गहू तयार केला होता. त्याचं शेवटचं मूठभर बी यंदा काचेच्या शेडमध्ये पेरलं होतं. ते गेलं म्हणजे वाणच गेला.

"ऐन फुलोऱ्यात रोपं तहानली आणि कुणाला कळलं नाही. हे काम माझ्या धाकट्या भावाचं. बियाणे कंपनीत नोकरी ठरतेय त्याची. मला फक्त पुरावा द्या."

टाचणीबाई हे लोकांनी ठेवलेलं नाव. गावातल्या भानगडींचा छडा लावताना नको तिथे टोचतात म्हणून. सोबत त्यांचे दीर, भाऊजी. भाऊजींचं डोकं सावकाश चालतं, पण चालतं, एवढं मान्य करायला हवं.

शेडमध्ये उकाड्याने जीव नकोसा होत होता. छताला कॅमेरा, भिंतीवर एक डबा, डब्यावर हिरवा दिवा. रोपांच्या मधोमध चौकटीवर पांढरं फडकं ताणलेलं, त्याचं टोक खालच्या ताटलीत सोडलेलं. बाईंनी फडक्याला बोट लावलं. खळ घातल्यासारखं कडक होतं.

"टाकीत पाणी?"

"काठोकाठ. पंपही हाताने लावला तर चालतो. एरवी कॅमेऱ्याला तहान कळली की दिवा लाल होतो आणि पंप आपोआप सुरू होतो. दिवा हिरवाच राहिला. हे सगळं धाकट्याने बसवलेलं, त्यानेच काहीतरी करून ठेवलं."

"पाणी आहे, पंप आहे," भाऊजी म्हणाले, "मग अडलं कुठे?"

"तेच विचारत राहा," बाई म्हणाल्या.

थोरल्याची बायको स्वयंपाकघरात राखेने भांडी घासत होती.

"पाणी वाचवतेय," ती म्हणाली. "थेंब इकडेतिकडे जाता कामा नये, असं बजावलंय यांनी. सगळं गव्हाला."

"आणि धाकटे दीर?"

"मुलासारखा वाढवला हो त्याला." तिचे डोळे भरून आले. "मुलाखतीला जाताना मला सगळं समजावून गेला. परत आला तर यांनी फाटकातूनच हाकलला."

धाकटा रस्त्यापलीकडे मित्राच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसला होता.

"नोकरी मागितली, खरंय. या गव्हाचं बी जपायला तिथे जागा मिळेल म्हणून."

"कॅमेऱ्याला तहान कळते कशी?" बाईंनी विचारलं.

"तहानलेलं पान आपली ओल सोडायचं थांबतं आणि तापतं. आपल्या डोळ्याला दिसायच्या आधी ते कॅमेऱ्याला दिसतं. पण दुपारी सगळंच तापतं. म्हणून कशाच्या मानाने तापलं, ते बघावं लागतं."

"तूच बिघडवलास का रे?" भाऊजींनी सरळ विचारलं.

तो चिडला नाही. "बाबांची शेवटची मूठ होती ती, काका."

बाईंनी त्याला हाताला धरून शेडमध्ये आणलं. थोरल्याने तोंड फिरवलं. बायको दारात थांबली.

"पाणी कुणी तोडलं नाही, कॅमेराही बिघडला नाही," बाई म्हणाल्या. "हा कॅमेरा पानांची तुलना या फडक्याशी करतो. ओलं फडकं गार असतं. पानं त्याच्यापेक्षा फार तापली की दिवा लाल. पण फडकंच वाळलं तर?"

"तेही तापणार," भाऊजी म्हणाले.

"पानांहून जास्त. मग त्याच्या शेजारी तहानलेलं पानसुद्धा गारच ठरतं. वहिनी, ताटलीत पाणी घालायचं काम तुमच्याकडे होतं ना?"

"घालत होते." ती दारातूनच म्हणाली. "यांनी पाहिलं. म्हणाले, माणसांना पाणी मिळेना आणि तू चिंध्यांना पाजतेस?"

थोरला खाली मातीतच बसला.

"चोर सोडून संन्याशाला सुळी," भाऊजी पुटपुटले. त्यांना कुणी गप्प केलं नाही.

"एक फोन करायचा होतास, दादा," धाकटा म्हणाला. "सांगितलं असतं मी."

"मी मारला बाबांचा गहू," थोरला म्हणाला. "मीच मारला रे."

"तुम्हाला पुरावा हवा होता," बाई हलकेच म्हणाल्या. आता तो द्यावासा त्यांनाही वाटत नव्हता. तरी त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि फडक्यावर, ताटलीत रिकामी केली.

सगळे डब्याकडे बघत राहिले. फडकं गार होत गेलं, आणि दिवा लाल झाला. पंप सुरू झाला. नळ्यांतून पोकळ ओंब्यांच्या मुळाशी थेंब थेंब पाणी पडू लागलं.

पंप बंद करायला कुणी उठलं नाही.