मांडीतली दोरी

दवाखान्याच्या दुसऱ्या पायरीवर नीलम्माचा गुडघा एकदम निसटला, आणि कुणीतरी तिचं कोपर धरलं.

"सोडा," ती फणकारली.

त्यानं सोडलं. ती खांबाला टेकून उभी राहिली, ओठ घट्ट मिटून.

वालूरची नीलम्मा मायसोबत कापडाचं गाठोडं घेऊन आठवडी बाजार करायची. चार महिन्यांपूर्वी ओढ्यात पाय पिळवटून गुडघ्यातली, हाडं बांधून ठेवणारी दोरी तुटली. परभणीच्या या खाजगी दवाखान्यात हैदराबादहून येणाऱ्या सर्जनसाहेबांनी ती जोडली खरी, पण गुडघा काही धरेना.

"माझाबी गुडघा असाच निसटायचा, दोरी तुटली होती," कोपर धरणारा म्हणाला. बोरीचा शेतकरी होता, शिवाप्पा. "बैल बुजले, गाडीतनं उडी मारली. आता बघा..." आणि तो दोन पायऱ्या एकदम उतरून परत चढला.

नीलम्माचे डोळे बारीक झाले. "तुमाला काय केलं?"

"मांडीच्या मांसावरच्या पडद्याची पट्टी काढली, हाडाला भोकं पाडली, तीच नवी दोरी म्हणून ओवली. तुमची?"

"तुटली तिथंच टाके घातले."

ती लंगडत थेट साहेबांच्या खोलीत शिरली. मागोमाग तोही.

"मला ती दुसरी रीत का न्हाई केली?"

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "ते ऑपरेशन मोठं. मांडीवर वेगळा व्रण. नुसते टाकेही कधीकधी टिकतात. आणि तुला चुलीपासून दारापर्यंतच तर जायचं, बाई."

नीलम्माची कानशिलं तापली. "दर बाजारी चार कोस चालते मी. विचारलं का तुमी?"

"साहेब, ह्यांना—" शिवाप्पानं तोंड उघडलं.

"तुमी गप बसा. मला तोंड हाय."

 तो निमूटपणे तपासायच्या टेबलावर चढला, धोतर गुडघ्यापर्यंत सारलं आणि पाय पुढे केला. नीलम्मा त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली... आणि शेजारी बसली.

"दोघांचेबी पाय वढून बघा," ती साहेबांना म्हणाली.

साहेबांनी त्याची नडगी पुढं ओढली. जागची हलली नाही. तिची ओढली, तर सैल खुंटीसारखी पुढं सरकली. त्यांनी पुन्हा ओढून पाहिली. 

"चूक झाली माझी," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या महिन्यात ती दुसरी रीत करतो."

नव्या दोरीच्या ऑपरेशनाचं प्लास्टर निघेपर्यंत शिवाप्पा तीनदा गुडघा 'दाखवायला' परभणीला आला. त्याचा गुडघा ठणठणीत आहे, हे नर्सलाही माहीत होतं.

सहा-सात महिन्यांनी बोरीच्या बाजारात गाठोडं घेऊन बसलेल्या नीलम्मापुढं तो उभा राहिला.

"रागावणार नसाल तर एक विचारू?"

"रागावणार."

"तरी विचारतो... माझ्याशी लगीन करता?"

ती खणाची घडी करत राहिली. "माझी कीव करायलाव का?"

"तुमची? तुमच्यासमोर साहेब घाबरले. मी कोण कीव करणारा..."

"मी बाजार सोडणार न्हाई."

"सोडा म्हणलंच कोण?"

खण दुसऱ्यांदा उलगडला, दुसऱ्यांदा त्याची घडी झाली. तिनं मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही.

"मायला भेटायला या मग वालूरला," ती म्हणाली. "गाडीनं नका येऊ. माझ्यासारखं चालत या."