सतरा सेकंद जास्त

जिते स्टेशनात गाडी क्रॉसिंगसाठी थांबली, तेव्हा समोरचा तरुण खिडकीच्या गजांना विचारत होता, "मी जाऊ आता?"

"तिसऱ्यांदा विचारलंत," मी म्हटलं.

तो दचकला, मग हसला. नखांत राखाडी माती — पेणच्या गणपतीच्या कारखान्यातला असणार. "मस्कतला नाटक बसवतायत. आज मुंबईत निवड हाय. समोर बोलायला कुणी नाय हो... तेवढं बाईचं वाचता?"

त्यानं पुढे केलेल्या वहीत त्या जागी बाईचा एकच शब्द होता. मी वाचला, "थांब."

"इतकं कोरडं? बाटलीवरचं लेबल वाचल्यासारखं!"

"धाटावला कंपनीत लॅबमध्येच आहे मी. आणि मघाशी तुम्ही एक 'तर' गाळलात."

गाडी सुटेपर्यंत मी त्याच्या आणखी सहा चुका काढल्या. त्यानं प्रत्येकीला "थँक्यू" म्हटलं.

त्याची, धनेशची, निवड झाली. तो निघायच्या आधी आम्ही चार वेळा भेटलो, रोह्यात कुंडलिका नदीच्या पुलावर, अष्टमी गावाकडच्या टोकाला. चौथ्या वेळी पाण्याकडे बघत तो म्हणाला, "ऋतुजा... लग्न करशील माझ्याशी?"

"विचार करून सांगते."

"किती दिवस?"

"तू परत येईपर्यंत."

घरी अलिबागचं बँकेतलं स्थळ आलं होतं, दोन महिन्यांत उत्तर द्यायचं होतं. बाबा म्हणत, "नाटकवाल्याचं काय खरं? तो बोलतो ते कुणीतरी लिहून दिलेलं." तीच भीती माझीही होती.

मस्कतला तो तिथं नोकरी करणाऱ्या सईदच्या खोलीवर उतरला. सईदची बहीण फरझाना माझ्याच लॅबमध्ये. रजेवर आलेल्या कुणाबरोबर तरी तिच्याकडे एक कॅसेट आली, सोबत वहीची नक्कल.

"इथं बाकीचे सगळे नोकरीवाले," धनेशचा आवाज सांगत होता. "तालीम गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी. इतर दिवस मी, पंखा आणि सईदची भिंत. भिंतीशी डायलॉग बोलतो. ती चुकत नाय, पण लाजत पण नाय... तू बाईचे संवाद भरून पाठवशील? माझ्या वाक्यांपुरती जागा सोड."

मी लॅबचं स्टॉपवॉच घरी आणलं. त्याचं प्रत्येक वाक्य मनात म्हटलं, वेळ मोजली, तेवढी जागा सोडली. कॅसेट भरून फरझानाकडे दिली.

तीन आठवड्यांनी जेवणाच्या सुट्टीत तिनं डब्याशेजारी दुसरी कॅसेट ठेवली. "घे गो, तुझं पार्सल! तुझा आवाज ऐकून सईदभाईलापण नाटक पाठ झालंय."

घरी येऊन लावली.

"तुझ्या सगळ्या जागा बरोबर. एक सोडून. 'मी जाऊ आता?' याला दोन सेकंद पुरतात. तू एकोणीस सोडलेस. मोजलेत मी. त्यात तुझा श्वास हाय, मागं कुकरची एक शिट्टी... आणि मग 'थांब'. अजिबात कोरडं नाय. मी रोज तेवढा वेळ गप्प बसतो. शुक्रवारी तालमीत पण बसलो, तर दिग्दर्शक म्हणाले, हे असंच ठेव. वहीत हे कुणी लिहिलेलं नाय, ऋतुजा. हे तुझं हाय. बरं झालं चुकलीस..."

मला आठवलं. घड्याळ हातात चालूच होतं, आणि हा खरंच गेला तर... एवढंच माझ्या मनात होतं. अशी चूक लॅबमध्ये झाली असती, तर अख्खी बॅच फेकावी लागली असती. इथं ती एका माणसानं रोज ऐकली, जपली. इतकं कृतज्ञ मला कधीच वाटलं नव्हतं.

ती कॅसेट मी बाबांना ऐकवली. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गप्प बसता येतं त्याला." आणि कॅसेट माझ्या हातात देत, "अलिबागला नाही म्हणून कळवतो."

धनेश परतला, तेव्हा मी पनवेलला घ्यायला गेले. येताना गाडी पुन्हा जित्याला थांबली. तो काही विचारत नव्हता.

पेण आलं. त्यानं बॅग उचलली, दारापर्यंत गेला, वळला.

"मी जाऊ आता?"

माझ्या हातात घड्याळ नव्हतं.

"थांब," मी म्हटलं. "रोह्याला चल. बाबांनी जेवायला बोलावलंय."

त्यानं बॅग खाली ठेवली. गाडी सुटली.