खुंटीवरचा दोर

कोशकार साहेब त्या सकाळी होडीत चढले ते एक चिठ्ठी चिकटवायला. हसू नका, मोहिमा याहूनही फुटकळ कारणांसाठी निघाल्या आहेत! त्यांनी तयार केलेल्या नौकाशब्दांच्या कोशात एक चूक राहिली होती. एकाहत्तरपैकी सत्तर प्रतींत त्यांनी स्वतः जाऊन दुरुस्तीची चिठ्ठी डकवली होती. उरलेली एकच प्रत खडकांनी वेढलेल्या एका बेटावर, हवामान केंद्रात होती. त्या खडकांत इंजिनाचा पंखा टिकत नाही, म्हणून शिडाची होडी.

शब्द होता 'दामण'. हल्ली फारसा कुणाच्या तोंडी नसतो. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला, शीड ताणून धरणारा दोर म्हणजे दामण. साहेबांनी मात्र टेबलाशी बसल्या बसल्या अर्थ ठोकून दिला होता: 'शिडाचा खालचा काठ'. समुद्र त्यांनी तोवर खिडकीतूनच पाहिलेला!

होडीत तिघं. सुकाणूवर तांडेल, दामण सांभाळायला त्याचा भाचा, आणि मध्ये, जागचे हलू नका अशी ताकीद मिळालेले साहेब. भाच्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. शहरात वाढलेल्या या गड्याने परवान्याच्या परीक्षेसाठी कोश तोंडपाठ केला होता. पहिल्याच वावटळीत मामाने "दामण सोड" म्हटलं आणि पठ्ठ्याने इमानेइतबारे शिडाचा काठ सोडला. दोर खुंटीवर तसाच राहिला, होडी उलटली आणि दोन बोटं दोराखाली चिरडली. तांडेलाने हे गप्पांच्या ओघात सांगितलं. साहेबांना ते आधीच ठाऊक होतं, त्यासाठीच तर ही पायपीट! पण ते होडीत बसले होते कोश काढणाऱ्या कार्यालयाचे कारकून म्हणून. कोशावर त्यांचं नाव नव्हतं, हे आजवर पथ्यावर पडलं होतं. आता त्याचीच लाज वाटत होती.

दुपारी खडकांची रांग दिसली आणि वारा फिरला. आभाळ काळवंडलं. शीड गच्च फुगलं. होडी कलंडली, एक बाजू पाण्याला टेकली!

"दामण सोड!" तांडेल ओरडला.

भाचा झेपावला. भिजलेला दोर खुंटीला घट्ट आवळला होता. तीन बोटांची पकड निसटली. पुन्हा निसटली! पाणी आत आलं. साहेब उठले. ताकीद गेली खड्ड्यात! त्यांनी खुंटीवरचा वेढा दोन्ही हातांनी उपसला. दोर सणसणत सुटला, तळहाताची साल घेऊन गेला. शीड फडफडलं. होडी हळूहळू सरळ झाली.

तासाभराने तिघं बेटावर उतरले. केंद्रातल्या माणसाने कपाटातून कोश काढून दिला. साहेबांनी पान उघडलं आणि चिठ्ठी त्यांच्या हातातच राहिली. समासात पेनाने लिहिलं होतं: 'चूक. हा दोर आहे. कार्यालयाला कळवलं आहे.'

अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. त्याच अक्षरातलं एक पत्र त्यांच्या खणात होतं. अपघाताच्या वर्षभर आधी आलेलं. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजून, गालात हसून त्यांनीच ते खणात टाकलं होतं. ते लिहिणारा होता बेटावर सामान पोहोचवणारा हाच तांडेल; एवढं लिहिल्यावर कोश सुधारला असेल, असं तो धरून चालला होता.

सत्तर चिठ्ठ्यांनी ते पत्र काही बुजलं नव्हतं. साहेब होडीपाशी गेले आणि त्यांनी तांडेलाला सगळं सांगून टाकलं. कोश कुणाचा, पत्र कुणी दाबलं, काही लपवलं नाही.

"मला कशाला सांगताय?" तांडेल म्हणाला. "बोटं त्याची गेली."

भाच्याने विचारलं, "वाचलं होतंत पत्र?"

"वाचलं होतं."

भाच्याने शीड चढवलं, दोर ओवला आणि दोराचं टोक साहेबांच्या हातात दिलं.

"परतताना दामण तुमच्याकडे. मामा ओरडला की सोडायचं. त्याआधी नाही."

सोललेल्या तळहाताला खारट दोर झोंबत होता. किनारा लागेपर्यंत साहेबांनी हात बदलला नाही.