ठिणगीशिवाय पेटणारा ट्रॅक्टर

"ठिणगी पाडणारा भाग सापडला नाही. यंत्र अपुरे आहे. भट्टीत पाठवावे," असा निकाल देऊन गुणाजी मोकळा झाला.

गुणाजी म्हणजे मैथिलीच्या घरचा यंत्रमानव. ज्वारीवर कीड पडणार हे त्याला चार दिवस आधी कळायचं, पण न विचारता मत द्यायची खोड भारी. आत्ता त्याने निकाल दिला होता तो निळ्या ट्रॅक्टरबद्दल. जतजवळच्या त्यांच्या माळावर तो कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता. बापूआजोबांना तो त्यांच्या वडिलांकडून, म्हणजे आप्पांकडून मिळालेला. आता सगळी शेतं विजेवरची यंत्रं नांगरत. डिझेलचं जुनं यंत्र घरी ठेवायचं तर ते चालू व्हायला हवं, नाहीतर वितळवायला द्यायचं, असा नियम होता. तपासणीच्या बाई आज दुपारीच येणार होत्या.

बापूआजोबांनी उभी हयात अग्निबाणांची इंजिनं बनवण्यात घालवली होती. गेला पावसाळाभर मात्र ते या ट्रॅक्टरच्या मागे हात धुऊन लागले होते. गंज खरवडला, नळ्या बदलल्या, इंजिन उघडून लख्ख धुतलं. सीटवरची गोधडीची गादी तेवढी बदलू दिली नाही. ती आप्पांनी स्वतः शिवलेली होती.

"पण आजोबा, गुणाजीचं खरंच आहे की! ठिणगीच नाही तर डिझेल पेटणार कसं?"

"सायकलचा पंप आण," आजोबा म्हणाले.

मैथिलीने पंपाच्या तोंडावर बोट दाबलं आणि दट्ट्या मारला. हवा फुसफुसत दट्ट्याच्या कडेनेच पळून गेली. आजोबांनी आतल्या सुकलेल्या चामडी चकतीवर तेलाचे थेंब सोडले. आता दट्ट्या असा घट्ट झाला, की मैथिलीला दात-ओठ खावे लागले.

"पुरे. आता पंपाच्या बुडाला हात लाव."

"अय्या, तापलाय!"

"कुणी जाळ लावला का खाली?"

"नाही बुवा."

"हवेचे कण सारखे धावत असतात. दट्ट्या पुढे आला की ते त्याच्यावर आपटून आणखी जोरात उलटे पळतात. कणांचा वेग वाढला म्हणजेच हवा तापली. याला म्हणायचं संपीडन (दाबून थोड्या जागेत कोंबणं). डिझेल इंजिनात पिस्टन (नळकांड्यात वर-खाली सरकणारा दट्ट्या) हवेला सोळाव्या हिश्श्यात कोंबतो. ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्याच क्षणी इंजेक्टर (तेलाचा बारीक फवारा मारणारी तोटी) डिझेल उडवतो, आणि ते आपणहून पेटतं. ठिणगी हवीय कुणाला!"

"नोंद घेतली," गुणाजी म्हणाला.

"घे बाबा, एकदाची!"

बॅटरी नव्हतीच. आप्पांच्या काळीही ती कधी धड नसायची, म्हणून ते ट्रॅक्टर कायम उतारावर लावत. क्लच दाबून, गिअर टाकून ट्रॅक्टर खाली सोडायचा आणि मग क्लच सोडायचा, की फिरणारी चाकंच इंजिनाला फिरवतात. आजोबा सीटवर बसले, मैथिली आणि गुणाजीने ढकललं. ट्रॅक्टर उतरला, हिसका बसला, इंजिन दोनदा खोकलं, पांढरा धूर सोडून गप्प झालं. गुणाजीने तो ओढून वर आणला. पुन्हा तेच. तोवर तपासणीच्या बाई येऊन ठेपल्या होत्या.

"आणखी एकदा बघा," त्या हळूच म्हणाल्या. "नंतर मात्र माझा नाइलाज आहे."

आजोबा खाली उतरून धुळीतच बसले. "ठेवायला दिला होता गं आप्पांनी मला. एवढंही जमलं नाही," ते म्हणाले. मैथिली त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"आजोबा, पांढरा धूर का येतो?"

"डिझेल उडतंय, पण पेटत नाही. हवा पुरेशी तापत नाहीये."

"मग ती कडेने पळत असेल! मघाशी पंपातून पळाली तशी!"

आजोबांनी कपाळावर हात मारला. पिस्टनभोवती लोखंडी कड्या असतात. इंजिन धुताना त्यांच्यावरचं तेलही धुऊन निघालं होतं! "आणि मी म्हणे अग्निबाण उडवले!" असं म्हणत ते ताडकन उठले. इंजेक्टर काढून त्यांनी प्रत्येक नळकांड्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं. जास्त नाही, कारण हवेसारखं तेल दाबलं जात नाही आणि पिस्टन अडकतो. मग हाताने इंजिन फिरवून तेल कड्यांना लागू दिलं आणि इंजेक्टर पुन्हा बसवले.

ट्रॅक्टर तिसऱ्यांदा उतरला. हिसका बसला. धड... धड... आणि मग धडधडधड अख्खा माळ घुमला! मैथिली नाचायलाच लागली. बाईंनी शिक्का मारला, तरी निघायचं नाव घेईनात.

आजोबांनी ट्रॅक्टर थांबवला, पण इंजिन चालूच ठेवलं. ते रस्त्याच्या वळणाकडे बघत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"संध्याकाळी त्या वळणावरून हा आवाज आला, की आई तवा चढवायची आणि मी दाराकडे पळायचो. आप्पा आले, म्हणायचो. किती वर्षांनी ऐकतोय पोरी!"

मैथिली त्यांना बिलगली. गुणाजी म्हणाला, "मत विचारलेलं नाही. पण डब्यातलं डिझेल संपत आलं आहे आणि आता ते विकत मिळत नाही. करंजाच्या बियांच्या तेलापासून तसंच इंधन बनतं. बांधावर झाडं लावता येतील. बिया धरायला साधारण सहा वर्षं लागतील."

"सहा वर्षं!" आजोबा पुटपुटले. "तोवर माझे हात हे चाक वळवतील का कुणास ठाऊक."

"तोवर मी मोठी होईन की चालवायला," मैथिली म्हणाली. "तुम्ही फक्त दारात उभे राहा, आजोबा. वळणावरून मी येईन."