झिजलेल्या कोपऱ्यांचा डबा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आपली अक्षरं वाचते, इंग्रजीचं एकही येत नाही, आणि त्यावाचून माझं कधी अडलंही नव्हतं. इस्त्रीचं दुकान आहे माझं. पुढे टेबल, मागे पडदा, पडद्याआड आम्ही मायलेकी राहतो.

बाजारातल्या कॉम्प्युटरच्या मोठ्या दुकानात जे कामाला आहेत, त्यांचे शर्ट माझ्याकडे यायचे. गठ्ठा पोचवून झाला की मी मागच्या जिन्याखाली जायचे. तिथे तारेची एक मोठी टोपली होती. न खपलेले आणि लोकांनी खेळून परत विकलेले खेळ तिच्यात कोंबलेले असायचे, पाण्याच्या भावात. माझी लेक स्कूटरवरून पडून मांडीचं हाड मोडून घेऊन बसली होती. कंबरेपर्यंत प्लास्टर, खाटेवरून हलायचं नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. नणंदेने तिचा जुना कॉम्प्युटर आणून दिला तेव्हा कुठे पोरगी हसली. म्हणून मी टोपली उपसायचे.

"काकू, डब्यावरचं नाव वाचता येत नाही तुम्हाला," गल्ल्यावरचा एकदा म्हणाला, "आणि दर वेळी बरोबर चांगलाच खेळ काढता. आम्ही आपले कचरा म्हणून टाकतो."

"शर्टासारखंच आहे रे. ज्याची कॉलर झिजलेली, तो माणसाचा आवडता. कडक घडीतला नुसता कपाटात सडतो."

खरंच तेवढंच बघायचे मी. कोपरे झिजलेला डबा उचलायचा. कुणीतरी तो पुन्हा पुन्हा हातात घेतलाय, म्हणजे आत काहीतरी चांगलं असणार. एकदाही चुकले नव्हते.

त्या दिवशी टोपलीच्या तळाला एक काळा डबा लागला. वर चित्र नाही, काही नाही. कोपरे मात्र झिजून पांढरे पडलेले. उघडला तर दमट कपडा घडी घालून ठेवल्यावर येतो तसा वास आला. तबकडी जागेवर होती. झाकणाला आतून बारीक ओरखडे होते, नखांनी काढल्यासारखे. मला वाटलं, कुणाच्यातरी लाडक्या लेकराने चाळा केलाय.

गल्ल्यावरच्याने किंमत वाचणाऱ्या यंत्रासमोर डबा उलटसुलट धरला. यंत्र गप्प.

"हा आमचा नाही वाटत. न्या तसाच, पोरीला माझ्याकडून."

फुकट मिळाला म्हणून मी खूश झाले.

दुपारी लेकीची नखं रंगवून दिली. जांभळा रंग, चमकीचा. तिनेच हट्टाने आणायला लावला होता. रंग वाळेपर्यंत ती हात पसरून बसली आणि मीच तबकडी आत सरकवली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खोली आली. खाट, बंद दार, आणि पाठमोरी बसलेली एक मुलगी. बस.

"मारामारी कुठंय?" मी विचारलं.

"नाहीये. हिच्याशी नुसतं बोलायचं. मी टाइप करते, ती उत्तर देते." तिने पडद्याखाली उमटणारी इंग्रजी अक्षरं दाखवली. "तुझा हात सोन्याचा आहे, आई. असला खेळ कुणाकडे नसेल."

पुढचे काही दिवस घरात बटणांची टकटक चालू. मी इस्त्री फिरवत पडद्याअलीकडून विचारायचे, "काय म्हणते गं तुझी सखी?"

"घरात कोण कोण असतं विचारते. तू कशी हाक मारतेस... कुठल्या कुशीवर झोपते मी..."

"भलत्याच चौकशा. लग्न जमवतेय काय?"

ती हसली. मग थोड्या वेळाने तिचा आवाज आला, जरा हळू. "आई, ही म्हणते, जागा बदलू या का? म्हणते, दुखणंबिखणं सगळं जाईल."

इस्त्री माझ्या हातात तशीच थांबली. "नाही म्हण."

"खेळ आहे गं."

"नाही म्हण म्हणते ना..."

एक बटण वाजलं. मग काहीच वाजेना. समोरचा शर्ट जळायला लागला, त्या वासाने मी भानावर आले. पडदा बाजूला केला.

लेक खिडकीपाशी उभी होती. प्लास्टरसकट. खाटेपासून खिडकीपर्यंत धरायला काही नाही. ती बाहेर रस्त्याकडे बघत होती, जन्मात रस्ता पाहिला नसल्यासारखी.

"उभी कशी राहिलीस तू..." माझ्या तोंडातून एवढंच निघालं.

ती वळली. "बरं वाटतंय, आई. तो डबा टाकून दे. कंटाळा आला."

धरायला म्हणून मी तिचा हात घेतला. नखं कोरी होती. त्याच दुपारी मी त्यांच्यावर जांभळ्या रंगाचा पुन्हा एक हात फिरवला होता.

डबा टाकला. मीच टाकला, कचऱ्याच्या गाडीत, माझ्या हाताने. डॉक्टर म्हणाले, असं हाड जुळलेलं पाहिलं नाही. नणंद म्हणाली, पोरगी किती शहाणी झाली, उलट बोलत नाही, पडेल ते काम करते. खरं होतं. माझी लेक मात्र उलट बोलल्याशिवाय पाण्याचा पेलाही उचलत नसे. आणि हिच्या केसांना दमट घडीचा वास यायचा. रोज न्हाली तरी.

मी कुणाला सांगणार? पोरगी बरी झाली म्हणून आई रडते, असं?

पुढे शर्ट पोचवायला गेले, तेव्हा पाय आपोआप जिन्याखाली वळले. टोपलीत सगळ्यात वर तोच डबा. उघडला. ओरखडे वाढले होते. नवे, खोल. आणि त्यांच्या खाचांत जांभळी चमकी अडकली होती.

कशी घरी आले माहीत नाही. ती नळावर पाणी भरत होती. मी दार लावलं, तबकडी घातली. खोली आली. खाट आली. खाटेवर पाठमोरी मुलगी, कंबरेपर्यंत प्लास्टर.

मी हाक मारली, नेहमी मारते तशी. ती वळली. माझी लेक. ती पडद्याच्या अगदी जवळ सरकली, तोंड उघडलं, आवाज नाही. खाली अक्षरं उमटायला लागली. भराभर, ओळीमागून ओळ. सगळी इंग्रजी. मी पडद्यावर बोट ठेवून एकेका अक्षराकडे बघत राहिले, ओळखीचं एकतरी निघेल म्हणून. एकही निघालं नाही.

मागे दमट वास आला. दार मी आतून लावलं होतं. खांद्यावर गार हात पडला.

"वाचून दाखवू का, आई?"

मी मान वळवली नाही. पण दुसरं कोण होतं घरात वाचणारं...

"वाच," मी म्हटलं.

तिने सावकाश वाचलं, अगदी माझ्या लेकीच्या आवाजात. "लिहिलंय, मी इथे सुखात आहे. तबकडी मोडून टाक. काळजी करू नकोस."

आणि कॉम्प्युटरच्या पडद्यातून माझी लेक माझ्याकडे बघत मान हलवत होती... नाही, नाही, नाही.