लाल म्हणजे मनापासून

"भाऊ, होतात कुठे? थोरल्या देवीकडची चढण साफ बिघडली आहे. तुमच्याशिवाय कुणी ठोकळा हलवायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय."

पाटीवर ही ओळ उमटली, तेव्हा जान्हवी खरं तर भाऊंचं खातं बंद करायला बसली होती.

भाऊ म्हणजे तिचे वडील. देवासच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते एका ठोकळ्यांच्या खेळात शिरले. माळव्यातली काही मराठी माणसं इंटरनेटवर जमायची आणि त्या खेळात ठोकळ्यावर ठोकळा ठेवत देवासची टेकडी उभी करायची. थोरली देवी, धाकटी देवी, पायऱ्या, नारळाची दुकानं, सगळं. भाऊंच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला तो खेळ काही पेलवला नाही. मग त्यांनी नुसत्या अक्षरांची एक खिडकी शोधून काढली. चित्र नाही, डोंगर नाही. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत खेळणाऱ्यांच्या गप्पा तेवढ्या दिसायच्या. भाऊ तिला पाटी म्हणत. त्या पाटीवरून ते सगळ्यांना मापं सांगत. टेकडी न बघता टेकडी बांधत.

भाऊंना जाऊन महिना होत आला होता.

जान्हवीनं लिहिलं, "मी त्यांची मुलगी. भाऊ गेले."

मग एकामागून एक ओळी यायला लागल्या, आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक वाकडी खूण आणि चारचा आकडा. धामनोदच्या अक्षतची ओळ तशीच, कन्नौदच्या माईंची तशीच. शब्द धड दिसेनात, नुसते चार, चार, चार... जणू कुणी काचेचे तुकडे सांडले होते.

शेवटी मघाचाच माणूस बोलला. त्याच्या ओळीलाही तोच चार होता.

"मी धारचा नीलकंठ. चढण तशीच ठेवतो. मापं त्यांनाच ठाऊक होती... तुम्हाला काही सापडलं, तर सांगाल?"

खातं बंद करायचं राहून गेलं.

*

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. मापं सापडली नव्हती, तरी बसली. भाऊंच्या खुर्चीत बसायला तेवढंच निमित्त.

"माई, हे आकडे कसले?" तिनं विचारलं.

"ते रंग गं बाळा," कन्नौदच्या माईंनी लिहिलं. "आम्हाला रंग दिसतात, तुझ्या पाटीला आकडे दिसत असतील. तुझ्या बाबांचाच नियम आहे. एकदा अक्षतनं थट्टा केली, ती एकाला खरी वाटली, आणि जो काही तमाशा झाला! लिहिण्यात आवाज कुठे ऐकू येतो? तेव्हापासून ठरलं. साधं बोलणं पांढरं. चेष्टा असेल तर निळं. लाल म्हणजे मनापासून."

"आणि हिरवं?"

"हिरवं म्हणजे मी जेवायला चालले," माईंनी लिहिलं आणि त्या गेल्यासुद्धा.

भाऊ आकड्यांतच रंग बघायचे. एकदा ते म्हणाले होते, "चिऊ, या पाटीवर खरेच रंग आणून दे की गं." ती घरूनच एका कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम करायची, तिच्यासाठी तो एका संध्याकाळचा खेळ. "नंतर हं भाऊ, मिटिंग आहे," ती म्हणाली होती. ते नंतर आता आलं.

काम अवघड नव्हतंच. वाकडी खूण दिसली की तिच्यामागचा आकडा उचलायचा, पाटीला समजणाऱ्या खुणेत बसवायचा आणि अक्षरं रंगवून मोकळं व्हायचं. एक ते एक, दोन ते दोन, तीन ते तीन. संध्याकाळी माई जेवायला चालल्या आणि पाटीवर लुसलुशीत हिरवी ओळ उमटली. जान्हवी टाळी वाजवून हसली. भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदाच.

हिरवा हिरवाच आला, म्हणून बाकीचे रंग तिनं तपासलेच नाहीत.

*

नीलकंठ धारच्या पॉलिटेक्निकात सिव्हिल शिकवायचा. पूर्वज धार राज्याचे दप्तरदार. वडील आता देवळातली पूजा सांभाळायचे. शाळा हिंदीतून झालेली, त्यामुळे मराठी वाचताना अडखळायचा. पण घरातलं मराठी मात्र शंभर वर्षांपूर्वीचं.

"आमचे तीर्थरूप आज मोहनखेड्यास गेले आहेत," असं तो सहज लिहायचा.

"कशानं? पालखीतून?" ती विचारायची.

"नहीं जी, एक्टिवा से."

ती एकटीच हसायची. आई, म्हणजे अलकाताई, स्वयंपाकघरातून डोकावून बघायच्या आणि काही न विचारता परत आत जायच्या.

बोलणं सगळं पांढऱ्यातच चालायचं. पण मधूनच त्याची एखादी निळी ओळ यायची, आणि जान्हवीला वाटायचं, हा माणूस चेष्टा मात्र फार हळुवार करतो.

एकदा ती म्हणाली, "भाऊंना मी फार वेळ दिला नाही."

"भाऊ म्हणायचे, माझी चिऊ कामात असते, पण खरी हाक मारली की पहिल्या हाकेला येते." ओळ निळी.

समजूत घालतोय बिचारा, तिला वाटलं. चांगुलपणानं थाप मारतोय, आणि थाप आहे हेही प्रामाणिकपणे निळ्यात सांगतोय. तिनं "बरं" एवढंच लिहिलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

मग एका दुपारी तिनं विचारलं, "ती चढण कधी दुरुस्त करणार? इतकी का अवघड आहे?"

मग पुन्हा निळी ओळ.

"चढण एका दिवसात होईल. पण झाली, की तुम्ही इथे कशाला याल...? म्हणून ठेवलीय."

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली... पण निळं ते निळंच. तिनं लिहिलं, "हाहा. छान होता."

त्यानंतर नीलकंठ दोन दिवस पाटीवर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला तो नुसता पायऱ्यांबद्दल बोलला.

माईंना राहवेना. "काय रे नीलकंठ, आमच्या पोरीला धार दाखवायला ने की एकदा. तुझ्या मातोश्री सून म्हणून पारखून घेतील."

"छे हो माई," तो म्हणाला. "आम्ही राज्याचे दप्तरदार. कंपनीवाल्यांशी सोयरीक आमच्या कुळात बसत नाही."

ही ओळ लाल होती. भडक लाल.

लहानपणी एका लग्नात एका म्हाताऱ्या बाईंनी आईला विचारलं होतं, "तुम्ही राज्यातले की कंपनीतले?" म्हणजे जुन्या संस्थानातले, की कारखान्याच्या नोकरीपायी आलेले. आईनं "कंपनीतले" म्हटल्यावर त्या बाईंनी पदर सावरला होता, बस्स, तेवढंच. पण तो पदर आई अजून विसरली नव्हती. आणि इथे तर माणूस मनापासून सांगत होता, भाऊंनीच घातलेल्या नियमानं.

तिनं पाटी बंद केली. चेष्टेत गोड, मनातून असा. उशिरा का होईना, कळलं तेच बरं.

*

रंगपंचमी आली. साऱ्या माळव्यात या दिवशी कुणी कोरडं राहत नाही. पण घरात वर्षभराचा दुखवटा, म्हणून जान्हवीच्या दारात पाण्याचा थेंबही उडाला नाही. गल्लीतून ढोल गेला. कुणीतरी "ओ भिया, छोड़ दो!" म्हणून ओरडलं. घर आणखीच गप्प झालं.

"अगं, ती पाटी तरी लाव," अलकाताई म्हणाल्या. "तुझ्या त्या टकटकीची सवय झाली होती मला."

तिनं लावली. तिथे अक्षतनं धुडगूस घातला होता.

"बुरा न मानो! माई, घ्या पिवळा! नीलकंठ भिया को लाल! हा हिरवा, आणि हा निळा!" प्रत्येक रंगाचं नाव त्यानं रंगवून लिहिलं होतं.

पण पाटीवर "लाल" हा शब्द निळा होता. आणि "निळा" लाल.

गाढव आहे हा अक्षत, जान्हवीला हसू आलं, मुद्दाम उलटं करतोय.

तेवढ्यात माई म्हणाल्या, "अगंबाई, काय झक्क पिवळी झाले मी!" आणि जान्हवीच्या पाटीवर माई आकाशी दिसत होत्या.

हिरवा तेवढा हिरवा होता.

तिचं हसू ओठांवरच थांबलं. तिनं आपलं काम उघडलं. चूक शोधायलाही लागली नाही; ती समोरच बसली होती. खेळाच्या घरात एक म्हणजे निळा आणि चार म्हणजे लाल. पाटीच्या घरात एक लाल, चार निळा. दोघांचे आकडे तेच, मोजायची सुरुवात वेगळी. आणि हिरवा दोन्ही घरी दोनच, त्या हिरव्यानंच तिला फसवलं होतं.

तिनं आकडे जागच्या जागी बसवले आणि मागचं सगळं बोलणं पुन्हा पाटीवरून सोडलं.

आम्ही राज्याचे दप्तरदार... निळं.

चढण झाली, की तुम्ही इथे कशाला याल... लाल.

आणि त्याच्याही वर, जुनी, तिनं नुसतं "बरं" म्हणून सोडून दिलेली ओळ. खरी हाक मारली की पहिल्या हाकेला येते. लाल. लख्ख लाल.

अगदी वर भाऊ गेल्याचं सांगितलं तो दिवस होता. तिथले ते सगळे चार, काचेचे तुकडे वाटलेले... एकूण एक ओळ लाल होती.

छातीवर इतके दिवस बसलेलं काहीतरी हळूच उठून गेलं. ती रडत होती, पण श्वास कसा मोकळा येत होता.

"काय झालं गं?" अलकाताई धावत आल्या.

"काही नाही आई. माझा एक आकडा चुकला होता."

"मग रडतेस कशाला? ड्रॉइंग चुकलं की भाऊ सरळ शॉपवर, कामगारांपुढे जाऊन सांगायचे, माझं चुकलं म्हणून. जा, सांग ज्याला सांगायचंय त्याला." आणि त्या डोळे पुसत आत गेल्या.

तिनं नीलकंठला एकट्याला गाठलं.

"तुमचं लाल मला निळं दिसत होतं. आणि निळं लाल. माझ्या चुकीनं. पहिल्यापासून."

त्यानं लिहिलं, "म्हणजे ते दप्तरदारांचं तुम्ही..."

"मनापासून धरलं."

"अरे रामा! तीर्थरूप स्वतः नर्मदाकाठच्या गिरणीत टाइमकीपर होते हो आधी! आणि... आणि ती चढणीची ओळ?"

"चेष्टा वाटली."

"मी तिथे सगळा धीर एकवटला होता! आणि तुम्ही म्हणालात, हाहा, छान होता. दोन दिवस अन्न गेलं नाही मला."

"हे लाल का?"

"निळं. जेवत होतो. पण चव नव्हती, हे मात्र लाल."

जान्हवीनं डोळे पुसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः एका ओळीला चार लावला. "रविवारी टेकडीवर या. खऱ्या. भाऊंची मापं सापडत नाहीत, आपण पुन्हा घेऊ."

*

रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी एक उंच, सावळा माणूस हातात मोजणीची टेप घेऊन उभा होता. टेप इतकी घट्ट धरलेली, की ती पळूनच जाणार होती जणू.

"आपण... जान्हवी?"

"आपण पालखीतून आलात?"

"धार से इंदौर बस, इंदौर से देवास बस. उभ्यानं." मग दोघंही हसले.

ती चढायला लागली, तो एक पायरी मागे. वरून वारा येत होता, खाली कारखान्यांची धुरांडी, गावाची पत्र्याची छपरं. रंगपंचमीचा गुलाल दगडांच्या फटीत अजून होता. तो उडू नये म्हणून त्यानं पाय जपून टाकला. तिच्या घरचा दुखवटा त्याच्या लक्षात होता. तिनं ते पाहिलं.

वळणावर दोघं थांबले. टेपचं एक टोक त्यानं तिच्या हातात दिलं, दुसरं धरून तो मागे सरकला. आणि मापाचा आकडा बघायच्या ऐवजी तिच्याकडे बघत राहिला.

"मला... म्हणजे पाटीवर जे लिहिलं, ते मी इथे... मला तू फार आवडतेस. आपण. तुम्ही." तो गडबडला. "लिहिलेलं तरी बरं. इथे रंग कुठून आणायचा? तुम्हाला कळणार कसं, की..."

त्याचे कान लाल झाले होते. पाळ्यांपासून वरपर्यंत, रसरशीत.

"दिसतंय," जान्हवी म्हणाली. "या वेळी नीट दिसतंय."

टेप दोघांमध्ये ताणलेली होती. तिनं आपलं टोक हळूच ओढलं, तसा तो एक पायरी जवळ आला. मग आणखी एक.

"मापं घ्यायची ना?" तो पुटपुटला. "चढण दुरुस्त करायचीय..."

"करू," ती म्हणाली. "पण सावकाश. मला आवडतंय पाटीवर यायला."